बाईंचा गुडघा

बाई, काल आमच्या शाळेच्या मुली माहुली गडावर जाऊन आल्या. आज रविवार. माझ्या पोटऱ्या भरून आल्या आहेत, उन्हानं नाक लाल झालं आहे आणि मी दारात पाट घेऊन लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नाही, कारण मनातल्या मनात मी तुमच्याशी बोलतच असते. फळ्यावर माझा हात उतरता गेला की तुमचाच आवाज येतो, "ओळ सरळ." पण कालचं तसं बोलून भागणार नाही. ते नीट लिहायला हवं, आणि त्यासाठी आधी आपला तो पहिला दिवस पुन्हा मांडायला हवा.

जर्मनीची लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो फाल्गुन. होळी नुकतीच झालेली. शहापूरच्या मुलींच्या शाळेत शेवटच्या वर्गात आम्ही तिघी मैत्रिणी होतो. मी, भाताच्या गिरणीतल्या कारकुनाची मुलगी. दुसरी पोस्टमास्तरांची, जिचं तोंड झोपेतही मिटत नसेल अशी आमची खात्री होती. आणि तिसरी माहुलीच्या पायथ्याच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली, शिकण्यासाठी शहापुरात मामाकडे राहिलेली. वर्गाच्या खिडकीत वर्षभर तो डोंगर उभा असायचा. पाठ आठवेना झाला की आमचे डोळे तिकडे वळायचे आणि तुम्ही म्हणायचात, "तिथं लिहिलेलं नाही." मग एक दिवस तुम्हीच म्हणालात, परीक्षेआधी एकदा त्याच्या डोक्यावर जाऊन येऊ.

आमच्या घरी तेव्हा दुसरंच चाललं होतं. मी पास झाले तर मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं की नाही, याचा निकाल लागत नव्हता. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. "एकटी पोर. तिथं तिच्या मागं कोण आहे?" एवढंच त्यांचं म्हणणं. तुम्ही त्यासाठी येऊन चहा पिऊन गेला होतात आणि रिकाम्या हातानं परतला होतात. माहुलीची परवानगी मागायला आलात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. बाबा म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही शेवटपर्यंत मुलींच्या बरोबर असाल, तर माझी ना नाही." तुम्ही लगेच म्हणालात, "मी बरोबर आहे." आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

मग तो काथ्या. कवायतीच्या तासाला तुम्ही एका मोडक्या बाजेची दोरी घेऊन आलात आणि आमच्या वहाणा मागितल्यात. फाल्गुनात डोंगरावरचं गवत वाळून तेल लावल्यासारखं निसरडं होतं, माणूस उभाच्या उभा खाली येतो, असं तुम्ही सांगितलंत. तुमचं माहेर घाटाखालच्या वैशाखऱ्याचं. लहानपणी टोपली घेऊन घाट चढून वरच्या गावी मावशीकडे जायचात, तेव्हा तुमची आजी असाच काथ्या बांधून द्यायची. चवड्याखाली दोन वेढे, टाचेखाली एक, आणि गाठ वरच्या बाजूला. पोस्टमास्तरांची मुलगी म्हणाली, "बाई, शहापुरातून अशा गेलो तर लोक विचारतील, खाट कुठं चालली?" तिसरीनं तर पाय पुढे केलाच नाही. "मला नको बाई. माझे पाय काय भाड्याचे हायेत? आमी जन्मापासून अनवाणी चढतो." तुम्ही तिला आग्रह केला नाहीत. एक तुकडा मात्र गुंडाळून पिशवीत टाकलात.

पहाटे बैलगाडीनं आसनगाव, तिथून पायी आमच्या तिसरीच्या गावापर्यंत. तिच्या आईनं नाचणीच्या भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वर काय ठेवलंय गो तुमचं? दगड नि वारा. पानी थंड हाय म्हणाल, तर आमच्या विहिरीचं बी थंडच हाय." तुम्ही हसून म्हणालात, "बघून येतो आणि सांगतो." ती म्हणाली, "सांगू नका. लाकूड दिसलं तर घेऊन या."

खालच्या रानात मोहाची फुलं पडली होती. कुसुंबाला तांबडी पालवी आली होती, इतकी तांबडी की पानं आहेत की फुलं, ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. खाली शेतांत राब भाजायला सुरुवात झाली होती. पाला आणि शेण पेटवलेल्या वाफ्यांतून धूर सरळ वर येत होता. रान संपलं आणि सोंड लागली, दोन्ही बाजूंना उतरत गेलेली पिवळ्या गवताची धार. तिथं पहिल्या दहा पावलांत आमची अनवाणी मैत्रीण घसरली, बसल्या बसल्या खाली गेली आणि करवंदीच्या जाळीत जाऊन अडकली. "भाड्याचे नाहीत म्हणालीस ना गो पाय?" पोस्टमास्तरांची मुलगी वरून ओरडली, "मग असे सोडून कसे गेले?" जाळीतून पहिलं ऐकू आलं ते हसू. तुम्ही पिशवीतला तुकडा काढलात आणि तिच्या उघड्या पावलांनाच बांधलात.

सोंडेच्या मध्यावर एक बसका दगड आहे. तिथं तुम्ही थांबलात, गुडघ्यावर हात ठेवून बसलात आणि म्हणालात, "गुडघ्यानं धरलं. मी काही आता वर येत नाही. तुम्ही जा."

मी म्हणाले, "बाई, बाबांना तुम्ही शब्द दिला आहे."

"ते मी बघीन. तुला वर जायचंय की नाही?"

"जायचंय."

"मग जा. वाट चुकलीशी वाटली तर पुढे रेटायचं नाही. शेवटची ओळखीची खूण असेल तिथवर मागं यायचं आणि मग दुसरीकडून बघायचं." आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "पुढे तू."

तेव्हाची मी अजून मला दिसते. गवत खांद्याला लागतं आहे. खालचा धूर आमच्याबरोबर वर चढतो आहे आणि डोळे चुरचुरताहेत. पायाखालची वाट बारीक होत होत एका घळीच्या काठावर संपते. समोर नुसती पोकळी. पोस्टमास्तरांची मुलगी पहिल्यांदाच गप्प झाली आहे. तिसरी म्हणते, "आमचे गुराखी इथून आडवे जातात, मी ऐकलंय. जाऊ गो, पलीकडं निघू." तिनं पाऊल टाकलंही. मी तिचा पदर धरते. "नाही. मागं." "अगं, वेळ जाईल!" "जाऊ दे. कांडोळापाशी वाट होती. तिथं जाऊ." कांडोळाचं झाड म्हणजे पांढरंशुभ्र, एक पान नाही, विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. आम्ही त्याच्यापाशी मागं आलो. वाट त्याच्या बुंध्यामागून डावीकडे वळत होती. येताना आम्ही तिच्या शेजारून बोलत बोलत पुढे निघून गेलो होतो.

वर पायऱ्या होत्या, पडका दरवाजा होता, टाक्यातलं पाणी होतं. ते विहिरीपेक्षा थंड होतं, हे आम्ही तिघींनी ओंजळी भरभरून ठरवलं. आगगाडीचा रस्ता दोऱ्याएवढा, तानसा तलावाचं पाणी पितळी ताटासारखं, आणि आपली शाळा कुठं आहे ते शोधून शोधून सापडली नाही. पलीकडे ते दोन सुळके उभे होते, नवरा आणि नवरी. "शेजारी शेजारी, आणि एक शब्द नाही," पोस्टमास्तरांची मुलगी म्हणाली, "लग्नाला बरीच वर्षं झालेली दिसताहेत." मग आम्ही काठाशी येऊन खाली हाक मारली, "बाऽऽई!" तुमचं किरमिजी लुगडं लगेच दिसलं. बसक्या दगडावर नाही. त्याच्या किती तरी वर, सोंडेच्या टोकाला जो उभा कातळ आहे, त्याच्या माथ्यावर तुम्ही उभ्या होतात, डोळ्यांवर हात धरून. तुम्ही पदर हलवलात. आम्हीही हलवले. आम्हाला एवढा आनंद झाला होता की दुसरं काही सुचलंच नाही.

खाली आलो तेव्हा तुम्ही त्याच बसक्या दगडावर गुडघा चोळत होतात. "लवकर आलात," एवढंच म्हणालात. उतरताना तुम्ही आमच्या पुढे होतात, आणि आम्हाला तुम्हाला गाठता येत नव्हतं. "उतारावर दुखत नसेल," पोस्टमास्तरांची मुलगी म्हणाली आणि आम्ही माना डोलावल्या. पंधराव्या वर्षी गुडघ्यांबद्दल कुणाला काय माहीत असतं!

शहापुरात गाडी थांबली तिथं बाबा आणि पोस्टमास्तर उभे होते. "काय, सगळ्या वर जाऊन आलात?" बाबांनी विचारलं. आम्ही तिघी हो म्हणणार होतो, आमचं वाटेत ठरलं होतं. त्याआधीच तुम्ही बोललात.

"मी नाही. गुडघ्यानं धरलं, मी सोंडेवर बसले. मुली गेल्या आणि आल्या."

"एकट्या?"

"तिघी."

"आणि तुमचा शब्द?"

"तो मोडला. त्याबद्दल मला बोला. मुलींना नको."

बाबांचा चेहरा मला बघवेना म्हणून मी माझ्या पायांकडे बघत होते. काथ्या सुटून लोंबत होता. त्यांनी विचारलं, "वर वाट कुणी काढली?" आमची खेड्यातली मैत्रीण म्हणाली, "हिनंच, काका. आमी चुकत होतो. मी म्हणत होते पुढं चला. ही नाय म्हणाली, मागं फिरवलंन आमाला, तवा गावली वाट." बाबा तुम्हाला काही बोलले नाहीत. मलाही नाही. पुढे बरेच दिवस घरात तो विषय निघाला नाही. मग एकदा जेवताना, ताक ओतून घेता घेता, ते आईला म्हणाले, "मागं फिरायचं कळतं हिला. जाऊ दे पुण्याला."

मी गेले. तुम्हाला त्याची काय किंमत मोजावी लागली, ते मला सुट्टीत घरी आल्यावर कळलं. स्वतःचा पाय धड नाही तर लोकांच्या पोरी डोंगरावर न्यायच्या कशाला, असं गावातले चार जण म्हणाले, आणि तुमच्या सहली बंद झाल्या. तुम्ही गावाच्या लेखी गुडघेदुखीच्या बाई झालात. माझी आई निर्गुडीचं तेल पाठवायची, पोस्टमास्तरीणबाई एरंडाची पानं. कुणी भेटलं की आधी गुडघ्याची चौकशी. तुम्ही सगळ्यांची तेलं घ्यायचात आणि म्हणायचात, "बरं आहे, आधीपेक्षा बरं आहे." स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तापानं गेलात, तेव्हा तुमच्या फडताळात तेलाच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. बऱ्याचशा भरलेल्या होत्या.

आता कालचं. मी इथंच, तुमच्याच शाळेत मुख्याध्यापिका आहे. मुलींच्या पायांत आता कॅनव्हासचे बूट असतात. मी काथ्या काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, आम्ही काय खाटा आहोत?" मला इतकं हसू आलं की त्यांना वाटलं मी रागावणार नाही, आणि मग मी खरंच रागावले आणि सगळ्यांच्या बुटांना काथ्या बांधला. पायथ्याशी आमची ती मैत्रीण सासरमाहेर एकाच गावात करून राहिली आहे. तिनं दारातूनच विचारलं, "गाठ वरच्या बाजूला हाय ना गो?"

मुलींत एक आहे. अबोल, बारीक, आईवडील नाहीत, मामाकडे वाढलेली. तिला नर्सिंगला मुंबईला जायचं आहे आणि मामा स्थळं बघतो आहे. त्यानं मला विचारलं, "बाई, तुमी वरपर्यंत जानार ना तिच्याबरोबर?" मी म्हणाले, "जाणार." आणि बाई, मी म्हणाले तेव्हा मला खरंच जायचं होतं. पण बसका दगड आला आणि मी बसले. गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही जा," मी म्हणाले आणि त्या अबोल मुलीकडे बोट केलं. "पुढे तू." ती वळली आणि निघाली.

त्या गवतात शिरल्या आणि मला बसवेना. मी उठले. लुगडं खोचलं आणि सोंडेवरून वर, दगडाला हात लावत, त्या उभ्या कातळाच्या माथ्यावर गेले. तिथून सगळं दिसतं, बाई. कांडोळ दिसतो. घळ दिसते. पायऱ्यांपर्यंतची सगळी वाट दिसते. आम्ही घळीच्या काठावर भांडत होतो तेव्हा तुम्ही तिथंच उभ्या असणार, एक हाकही न मारता. काल मुलीही तशाच पुढे गेल्या, तिथंच थांबल्या. माझ्या घशाशी हाक आली होती. मी ओठ मिटून उभी राहिले. मग ती बारीक मुलगी मागं वळलेली दिसली, कांडोळाच्या बुंध्याला हात लावलेला दिसला, आणि सगळ्या डावीकडे गेल्या. त्या वरून हाक मारेपर्यंत मी तापलेल्या कातळावरून हलले नाही. मग घाईघाईनं उतरले, दगडावर येऊन बसले, आणि त्या आल्यावर म्हणाले, "लवकर आलात."

मामाला मी सगळं खरं सांगितलं, म्हणजे तुम्ही सांगितलंत तेवढं. तो काही बोलला नाही. बोलेल. मला त्याची काळजी वाटत नाही, न बोलणारी माणसं मी ओळखते. आज सकाळी त्याची बायको येऊन निर्गुडीच्या तेलाची बाटली देऊन गेली. रात्री निजताना कोमट करून चोळा म्हणाली, थंडीपर्यंत उतार पडेल. बाटली इथं पाटाशेजारी आहे. मी ती घेतली, आणि आधीपेक्षा बरं आहे असंही म्हणाले.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून तेवढं लिहून टाकते. माझा गुडघा ठणठणीत आहे, बाई. तुमचा होता तसाच.