ईराची टीम आणि माझी नाडी

मंगळवार संध्याकाळ, अबूधाबी

ईराने माझ्या परकराची नाडी पळवली. नवा ग्लोव्ह मऊ व्हावा म्हणून त्यात बॉल ठेवून नाडीने आवळून बांधलाय.

बेसबॉलच्या दोन टीम तिला घ्यायला तयार आहेत. दुबईची उत्तम, पण ती दर सुट्टीत परदेशी खेळायला जाते. कोच म्हणाले, "व्हिसा? बाकी कुणालाच लागत नाही." आमच्या भारतीय पासपोर्टला लागतो, आणि दोनदा नाकारलाय. मग हिने काय एअरपोर्टवर नुसता टाटा करायचा? अबूधाबीची टीम इथेच खेळते, इथेच हरते. हे म्हणाले, "इथलीच घे, खलास."

अकरा वर्षांच्या पोरीला पासपोर्ट कसा समजावायचा? शेवटी सांगितलं, दुबईची टीम नाही जमणार. भांडेल वाटलं होतं.

"इट्स ओके, मम्मा."

ग्लोव्हची गाठ सोडून तिने नाडी नीट गुंडाळली आणि मला परत दिली.