मी स्वतः पाहिला

राऊ, इंदूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. संहितास बाबांचे अनेक आशीर्वाद.

बाबांना अचानक पोस्टाची आठवण कशी झाली, असं तुला वाटेल. माझा फोन मी बंद करून तुझ्या आईच्या शालींखाली ठेवला आहे. तिच्या फोनवरही या विषयावर बोलू नकोस. उत्तर पत्रानंच दे.

गेल्या रविवारी सकाळी आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो आला. दाढीवाला, सुकलेला माणूस, खांद्यावर गोणी. मुलं उचलणाऱ्या टोळीतला आहे, सावध राहा, असं खाली लिहिलेलं. सगळे पाठवतात तसा मीही तो दोन-तीन ग्रुपना पाठवला. संध्याकाळी बागेच्या फाटकाशी लोकांनी एकाला धरला आणि मारला. त्याचं नाव दिनानाथ. सायकलवर फिरून कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो, आपल्या भागात महिन्याभरापूर्वीच यायला लागला होता. फोटोतला माणूस तो नव्हेच. त्याची गोणी उपडी केली तर कुकरच्या शिट्ट्या, रबरं आणि नट आवळायचे दोन पाने निघाले. उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे.

मारणारे चौघे पकडले गेले. आता मेसेज कोणी पसरवला याची पोलीस थान्यात चौकशी चालू आहे. शेजारच्या शालिनीला दोनदा बोलावलं. मला अजून नाही.

तुला आठवत नसेल, पण टेलिफोन खात्यात इंटरनेट आलं तेव्हा ट्रेनिंगला मला धाडलं होतं. तिथे सांगितलं की अमेरिकेत दोन कम्प्युटर पहिल्यांदा जोडले तेव्हा एक छोटासा शब्द पाठवायचा होता, लॉगिन. त्याची दोनच अक्षरं पोचली आणि यंत्र बंद पडलं. आम्ही खूप हसलो. परत आल्यावर पलासियातल्या दुकानादुकानांत जाऊन मी कनेक्शनं जोडली. मोडेम किंचाळायला लागला की लोक घाबरायचे आणि मी म्हणायचो, घाबरू नका, आता सगळं जग तुमच्या टेबलावर येईल. पुष्कळ अभिमान होता गं त्या वाक्याचा.

असो. जेवणं वेळेवर करत जा. कोर्टाच्या धावपळीत तू आमची आठवण ठेवतेस, तेवढी ठेवत राहा.

तुझा,
बाबा

•

नागपूर
१४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस संहिताचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्र आज मिळालं. अक्षर अजून खांबावरच्या तारांसारखंच आहे, एक ओळ वर, एक खाली. पण वाचताना हसू आलं नाही.

आधी वकील म्हणून लिहिते. कुणाशीही या विषयावर बोलू नका. कॉलनीच्या मीटिंगला जाऊ नका. दिनानाथजींना भेटायला मुळीच जाऊ नका. दबाव आणायला आलात असा अर्थ निघू शकतो. मेसेज पुढे पाठवणाऱ्यालाही कायदा सोडत नाही, पण तुमच्यासारख्या शेकडोंनी तो पाठवला असणार. नोटीस आली तर माझ्याशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहून देऊ नका. फोनमधलं काही पुसू नका.

फक्त एक विचारते, आणि खरं सांगा. फोटोसोबत तुम्ही तुमच्या पदरचं काही लिहिलं होतं का?

शालिनीमावशीचं ऐकून वाईट वाटलं. तिला का बोलावलं असेल ते समजलं नाही. आईच्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? तिला म्हणावं, मुलगी वकील असली तरी तिलाही चार ओळींची फी द्यावी लागते.

काळजी करू नका असं लिहीत नाही, कारण मीच करते आहे. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

आपली,
संहिता

•

राऊ
२० फेब्रुवारी

चि. संहिता, आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी चार वेळा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. उत्तर लिहायला बसतात आणि उठतात. म्हणून मी लिहिते आहे.

यांनी लिहिलं होतं. त्या सकाळी आम्ही चहा घेत होतो. फोटो मला दाखवला तर मीच म्हणाले, अहो, हा तर बागेजवळ बसतो तोच दिसतोय. हे म्हणाले, हो, मीही पाहिलाय. आणि खाली टाइप केलं, ‘आज सकाळी बागेच्या फाटकाशी मी स्वतः पाहिला.’ यांचा शब्द कॉलनीत कोण खोटा मानणार? लक्ष्मीकांतजी बोलले म्हणजे झालं. संध्याकाळी आरडाओरडा ऐकला तेव्हा यांनी घाईघाईनं ते सगळ्यांसाठी पुसून टाकलं.

पण त्याआधी शालिनीनं ती ओळ जशीच्या तशी उचलून ती नोकरी करते त्या शाळेतल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवर टाकली होती. आता ‘मी स्वतः पाहिला’ हे तिचंच म्हणणं ठरलं. शाळेनं तिला घरी बसवलंय. पंधरा वर्षांची नोकरी आहे बेटा. ओळ दुसऱ्याची होती एवढंच ती थान्यात सांगते, कोणाची ते सांगत नाही. परवा कपडे वाळत घालताना भेटली. मी विचारलं, नाव का घेत नाहीस? म्हणाली, काका स्वतः जातील, मला माहीत आहे.

तेव्हापासून हे पाठीमागच्या दारानं जातात-येतात.

तू वकील म्हणून सांगितलंस ते ठीकच. मला कायदा कळत नाही. पण यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये, ते मला दिसतं. आणि घास माझ्याही उतरत नाही, कारण पहिलं बोट मी दाखवलं.

लवकर लिही. रागावलीस तर दोघांवर मिळून रागाव.

तुझी आई,
यशोधरा

•

नागपूर
२५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि आईस सा. नमस्कार.

आईचं पत्र काल आलं. रात्र आणि आजची सकाळ मी बाबांसाठी बचाव शोधत होते, आणि तो सापडलाही. मेसेज पुसलेला आहे. तो बाबांचाच होता हे दाखवणं पोलिसांना सोपं जाणार नाही. वय, चांगली नोकरी, आधी एकही तक्रार नाही. मी ही केस जिंकू शकेन, बाबा. मग लक्षात आलं की मी जिंकले तर शालिनीमावशी हरेल.

माझं आधीचं पत्र बरोबर होतं, पण अर्धंच होतं. थान्यात जाऊन बयान द्या असं मी सांगणार नाही. वकिलानं अशिलाला ते सांगायचं नसतं, आणि मुलीनं बापाला तर नाहीच. तुम्ही दिलंत तर काय होईल तेवढं सांगते. तुमच्यावर गुन्हा नोंदवला जाईल, फोन जप्त होईल, तारखा पडतील, कदाचित पेपरात नाव येईल. शिक्षा किती ते कोर्ट ठरवेल.

शनिवारी सकाळी मी इंदूरला पोचते. जायचं असेल तर दोघं जाऊ. नसेल तर आईच्या हातचे पोहे खाऊन परत येईन, आणि तरीही तुमचीच असेन.

संहिता

•

राऊ
१३ एप्रिल २०२५

चि. संहितास अनेक उत्तम आशीर्वाद.

बयान देताना तू शेजारी बसलीस म्हणून सही सरळ आली. तू गेल्यानंतरचं सांगायचं राहिलं, ते लिहितो.

शालिनीला शाळेनं परत घेतलं. ती पेढे घेऊन आली नाही, मी नेले. पूर्वीसारखं काका म्हणाली, पण डोळ्यांत पाहून नाही. तेही होईल, किंवा नाही होणार.

दिनानाथला भेटायची परवानगी तू थान्यातून लेखी मिळवून दिलीस, तो कागद घेऊन मी आणि तुझी आई त्याच्या खोलीवर गेलो. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. त्याची बायको प्रेमलता दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी तिथेच उभ्याउभ्या सांगितलं की ती ओळ मी लिहिली होती, आणि मी त्या सकाळी त्याला पाहिलंही नव्हतं. आदल्या दिवशी पाहिला होता. माझ्या बोलण्याला वजन यावं म्हणून ‘आज सकाळी’ लिहिलं. हे मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तो शिव्या देईल अशी तयारी ठेवली होती. त्यानं प्रेमलताकडून फोन मागवला आणि मला दाखवला. रक्तानं माखलेला तो, आणि त्याच्याभोवती लोक. त्याच्या मुलीच्या सासरच्या गावात हा व्हिडिओ पोचलाय. खाली अजूनही तेच लिहिलेलं, बच्चाचोर. म्हणाला, “बाबूजी, आप तो टेलीफोन वाले हो. इसको बंद करवा दो.”

तीस वर्षं मी त्या खात्यात काढली. मला सांगावं लागलं की हे माझ्यानं बंद होत नाही. तक्रार देता येते, काही ठिकाणचं निघेल, सगळं निघणार नाही. त्याला ते पटलं नाही. ज्यानं जोडलं त्याला तोडता का येत नाही, असं तो विचारत राहिला. तुझ्या आईनं तेवढ्यात विचारलं, धंदा पुन्हा चालू केला का? तो म्हणाला, गेलो होतो दोनदा. बायका जाळीच्या दारातून बघतात आणि मुलांना आत ओढतात.

म्हणून आता सोमवार ते शनिवार सकाळी आठला मी त्याच्याबरोबर निघतो. तो सायकल ढकलतो, मी चालतो. प्रत्येक घराची बेल मी वाजवतो आणि सांगतो की हे दिनानाथ, ज्यांना मारलं ते. यांनी काही केलं नव्हतं, खोटं मी लिहिलं होतं, माझं नाव लक्ष्मीकांत, अमुक घरात राहतो. पहिल्या दिवशी अकरा घरं झाली. दोघांनी दार लावून घेतलं. एक तरुण भिया म्हणाला, अंकल, ग्रुपवर माफी टाकून द्या ना, एका मिनिटात सगळ्यांना जाईल. ती टाकली होती मी, तुझी आई साक्षीला आहे. सहा जणांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं आणि त्याखाली लग्नाची पत्रिका आली.

पन्नास-साठ घरं झाली असतील. बोटं मिटत नाहीत म्हणून कुकर मी धरतो, तो डाव्या हातानं पाना फिरवतो. मी नीट धरत नाही म्हणून ओरडतो, ते बरं वाटतं. काल बागेसमोरच्या घरात एका बाईनं मुलाला कडेवर घेऊन सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन कुकर आणला आणि माझ्या हातात न देता त्याच्या हातात दिला. त्यानं मला धरा म्हणून सांगितलंही नाही. गुडघ्यांत दाबून धरला आणि रबर बदललं.

कोर्टाची तारीख एकवीसला आहे. गुन्हा कबूल करायचा की नाही, त्यावर तू बोल, मी ऐकेन. पण तारीख सकाळची असेल तर त्या दिवशी दिनानाथला एकट्यालाच निघावं लागेल. जमेल का म्हणून काल त्याला विचारलं तर म्हणाला, मी निघेन एकटा, बागेसमोरच्या त्या गल्लीत तरी आता जाता येईल.

आमच्या दोघांवर तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
बाबा