माह्या हातचा बाजार

माय, सर्वात आधी लसूणवाली आली. मी वसरीत तांदूळ निवडून राह्यली होती, तर ती दारातूनच ओरडली, "काहो मावशी, जिवंत हाय का? आम्ही तं तेरवीच्या जेवनाची वाट पाहून राह्यलो!" तिच्यामागून मिरचीवाली आपा. बाजारात दोघींची दुकानं शेजारी, म्हणून भांडणंही दर बाजारची. आपा म्हणे, "तुम नहीं तो भाव करायले कोन? हमारी जबान कू जंग लग गया." मले इतकं हासू आलं का सूपच कलंडलं.

तुले माहीत नाही, दीड वर्साआधी मी न्हाणीत पडली अन् खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून चालते, नात त्याले आजीचा घोडा म्हणते. मेहकरले दाखवलं, बुलढाण्याले दाखवलं, डॉक्टर म्हणे चालता ते पुष्कळ झालं. सून गुणाची हाय माही, दुकानात फोनवर यादी सांगते, सामान घरी येते. पण डाळ बंद पाकिटात, मिरची बंद पाकिटात. हात घालायले, दाताखाली दाणा फोडून पाहायले काही उरलंच नाही. जेवते मी, पण पाहुण्यासारखी जेवते.

तुह्या डाव्या अंगावरून वारं गेलं तवा मी चौथीत होती. शाळा सुटली अन् बाजार माह्या गळ्यात आला. अजून डोळ्यापुढं दिसते, तू दारात बसलेली असते, मी बाजारातून येते, तू एका हातानं पिशवी उलटी करते. वांगं उचलून मले विचारते, "हे इकणाऱ्यानं देल्लं का त्वा निवडून घेतलं?" किडकं निघालं का भर उन्हात परत पाठवते. मले तुहा लई राग येई. वांगं ते वांगं, त्यात देल्लं काय अन् घेतलं काय!

तर ह्या दोघी चहा घेता घेता म्हणाल्या, "मावशी, आता आम्हीच निवडून चांगला माल घरी आनून देत जाऊ." किती मायेनं म्हणाल्या पाह्य. अन् माह्या तोंडातून निघालं, "मंग ते तुम्ही देल्लेलं होईल ना बाई. म्या घेतलेलं नाही." सून माह्याकडं पाहातच राह्यली. मलेही वाटलं, हे कोण बोललं?

आपानं कप खाली ठेवला. "तो फिर आओ ना बाजार में."

"कशी येऊ? त्या गर्दीत माहा घोडा कोनाच्या तरी टोपल्यावर चढन. लोकं हासतीन."

"हासू द्या," लसूणवाली म्हणे. "मी हातभर इकडं सरकते, आपा हातभर तिकडं. मधात खुर्ची टाकू. आमच्या मालाच्या टेम्पोत डायवरच्या बाजूले बसा, चढायले क्रेट ठेवू पायाखाली."

सून म्हणे, "पडल्या तं?"

"पडेंगे तो मिरची के ढेर पे पडेंगे," आपा म्हणे. "नरम हाय."

"मंग तं मी खुब्याचं दुखणंच विसरन!" म्या म्हणलं, अन् चौघीही पोट धरून हासलो. सून म्हणे मीही येते संगं. माय, मी हाव म्हणून टाकलं.

तू गेली तिथं टपाल जात नाही, हे पत्र कुठं टाकायचं नाही, मले माहीत हाय. नातीच्या जुन्या वहीत लिहून राह्यली. पण एक गोष्ट तुह्याजवळ कधी बोलली नाही. पोळ्याच्या आधीच्या बाजारी त्वा म्हणलं होतं, "मले एकडाव गाडीत बसवून बाजारात ने." मी म्हणलं, बाप गाडी घेऊन वावरात गेला. माय, गाडी गोठ्यामागंच होती, बैलही गोठ्यातच. तुले उचलून उतरवताना मैतरणी पाहतीन, म्हणून मले लाज वाटली. बैलाच्या गळ्यातली घंटी तुले ऐकू आली असन. त्वा पिशवी तेवढी माह्या हातात देल्ली.

दोघी शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी आठ वाजता टेम्पो घेऊन येतो म्हणाल्या.