कमळीकाकूच्या विहिरीतला गुलाबी रंग

उप्साला, स्वीडन
१२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

तुमच्या आणि आईच्या पायांवर इथूनच डोकं ठेवते.

मी वेळेवर जेवते, आणि अणुभट्टीच्या कचऱ्याला हातसुद्धा लावत नाही, हे आईला पुन्हा सांगा. मी फक्त कॉम्प्युटरवर जमिनीखालचं पाणी चालवते.

फोनवर तुम्ही विचारलंत, "ती घाण पुरल्यावर कुनाच्या विहिरीत उतरंल?" त्याचं उत्तर काल मिळालं.

इथे विद्यापीठात सगळ्यांसमोर ते सांगताना सुरुवात आपल्या शिरढोणपासून केली. कमळीकाकू म्हणायची, तिच्या विहिरीचा आपल्या विहिरीशी संबंध नाही. तुम्ही म्हणालात, "पानी एकच हाय," आणि आपल्या वरच्या विहिरीत होळीचा रंग ओतलात. तिसऱ्या दिवशी काकूच्या दोरीवरचे सगळे कपडे गुलाबी. आमचे प्रोफेसर डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, आपणही तेच करतो, फक्त रंग कॉम्प्युटरमध्ये ओततो.

मीही ओतला, पाचशे मीटर खोल कातळात. वर यायला त्याला चार लाख वर्षं लागली. तोवर त्या कचऱ्याचं विष बहुतेक विरलेलं असेल. 'बहुतेक' मी मुद्दाम लिहिलंय, तुम्ही त्यावर बोट ठेवणारच. त्यावर अजून काम करतेय.

तुमचा गुडघा कसा आहे? विहिरीच्या पायऱ्या उतरत नाही ना?

काकूला सांगा, या खेपेला रंग पुतणीने ओतलाय. साड्या खुशाल वाळत घाल म्हणावं.

तुमची,
संजना