आबांची राखण

मंगळवार, विश्रामबाग

राग आलाय, पण काढू कुणावर? माझ्या संशोधनातली किनाऱ्यावरची वेल दुर्मिळ होत चाललीय. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेमुळे तिचं बी जास्त रुजतं का, हे बघायला कोकणातून डबाभर विष्ठा आणली, एसटीत मांडीवर धरून. गच्चीवर कुंड्यांत बी पेरलं; निम्म्या कुंड्यांत विष्ठा घातली, निम्म्या तशाच ठेवल्या. आज कॉलेजातून आले, तर सगळ्या कुंड्या सारख्याच स्वच्छ! डबाही घासून पालथा घातलेला.

"कबुतरांनी लय घाण केली हुती गं. समदी खरवडून काढली," सासरे म्हणाले.

सासूबाई गेल्यावर आबा पलूसहून आमच्याकडे आले, तेव्हापासून नुसते बसून असायचे. आज पहिल्यांदाच कशाला तरी हात लावला. कसं सांगू? "बरं केलंत," मी म्हणाले. तर आता टॉवेल फडकावत गच्चीवरच बसलेत, एक पाखरू फिरकू देत नाहीत.

विष्ठा पुन्हा आणावीच लागणार. आबांनाच नेते बरोबर, समुद्र कुठे पाहिलाय त्यांनी! तिथे पाखरांवर टॉवेल उगारला, की मग सांगेन काय न्यायला आलोय ते. येताना डबा त्यांच्या मांडीवर.