दहावं नाव

सांगली, १४ डिसेंबर

प्रिय दीपमाला,

तुझं ऑगस्टातलं पत्र मिळालंच नाही, असं मी फोनवर म्हणाले ना, ते धादांत खोटं होतं. मिळालं होतं. पुण्याला लेकाकडे कायमची राहायला गेलीस, तिथल्या चर्चच्या मंडळीत दाखल व्हायचंय, तर इथून नाव काढल्याची बदलीची चिठ्ठी धाड, एवढंच तर मागितलं होतंस. मी आपल्या मंडळीची चिटणीस. चार ओळी खरडायच्या आणि पाळकांची सही घ्यायची. ते मला चार महिने जमलं नाही बघ.

कारण तुला ठाऊक आहे. सभासदांच्या वहीत आपण दहाच उरलोय. दहाच्या खाली गेलो की चर्चच्या घटनेप्रमाणे मंडळी बंद, इमारत वरच्या चर्च-परिषदेच्या ताब्यात. आणि तू दहावी. तिकडे चिठ्ठीवाचून प्रभुभोजनाला तुला पाहुणी म्हणून बसवतात, हे वाचून जीव तुटला गं, पण हात काही चालेना.

आपल्या आज्यांनी काय सोसलं या इमारतीपायी! आधी बाप्तिस्मे कृष्णेत व्हायचे. एकदा पाळकांचाच पाय घसरला आणि धोतरासकट वाहत पार पुढच्या घाटाला लागले. तेव्हा मंडळींनी कराडहून गाड्यांनी दगड आणला. आधी बाप्तिस्म्याचा हौद बांधला, छप्पर नंतर दोन वर्षांनी. त्याच हौदात आपण दोघी एका दिवशी उतरलो. तू घाबरून पाळकांच्या गळ्यात पडलीस आणि मी पाण्यात उभी राहून फिदीफिदी हसले. आईनं घरी गेल्यावर चांगलंच झोडपलं होतं मला.

आता रविवारी तिघंच असतो. पेटी मी वाजवते, बायबलमधलं वचन मीच वाचते. हरिबामामांना ऐकू येत नाही, ते प्रार्थनेच्या मध्येच आमेन म्हणून मोकळे होतात. बाकीचे सहाजण नाताळाला उगवतात. उपासना संपली की मी उगाच झाडू फिरवत बसते. घरी जाऊन तरी कुणाशी बोलू?

काल पाळक मिरजेहून आले, तेव्हा तुझी चिठ्ठी सहीला ठेवली. हरिबामामा म्हणाले, "आवं बाई, मग आता आपलं कसं वं?" मी पाळकांपुढं पेन सरकवलं.

खरं सांगू? इमारतीसाठी तुला अडवलंय, असं सगळ्यांना सांगत होते. ते निमित्त होतं. तुझं नाव इथं आहे तोवर तू परत येशील, असं वेडं मन म्हणायचं. चिठ्ठी सोबत जोडली आहे. 'आम्ही या भगिनीला आनंदाने तुमच्या हाती सोपवत आहोत' असं त्यात लिहावंच लागतं. 'आनंदाने' तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं. खरं नाहीये ते, पण तू तिकडं दाखव. आणि तिकडच्या पाळकांना एवढं विचार, मंडळीच बंद झाल्यावर तिच्या चिटणिसाची बदलीची चिठ्ठी कोण लिहून देतं?

तुझीच,
एस्तेर