रविवारी सहा ते सात फोन करू नये

थोरल्या मेहुणीबाई जिनेट यांना,
धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे वेंडेलचा, आदरपूर्वक नमस्कार.

तुमची प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. कंबर, डावा डोळा आणि ती पिवळी मांजर या तिघांचीही स्वतंत्र विचारपूस समजावी. (मांजर अकरा वर्षांपूर्वीच म्हातारी होती, तेव्हा तिच्या बाबतीत काही झालं असल्यास माझं सांत्वनही याच पत्रात समजावं.) मी ठीक आहे. गुडघा बर्फाची वर्दी रेडिओच्या आधी देतो. खोऱ्यातली बटाट्याची काढणी आटोपली आणि चर्चच्या तळघरातलं घेवड्याचं जेवण पुढच्या शनिवारी आहे.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट फोडायच्या आधी खुर्चीत बसला असाल. उठायला हरकत नाही, कोणी गेलेलं नाही. जायची होती ती, आपली ओदील, दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. त्या दिवशी तुम्ही कनेक्टिकटहून एवढा प्रवास करून आलात, शेवटच्या बाकावर बसलात आणि जेवणाआधी निघून गेलात. मी पाहिलं होतं. तक्रार नाही, पाहिलं होतं एवढंच कळवतो.

आता मुद्दा. इंटरनेटच्या कंपनीचं पत्र आलं, की फोनच्या तारेवरून चालणारी त्यांची सेवा या महिन्याच्या एकतीस तारखेला, शुक्रवारी, कायमची बंद होते. ती आपल्या घरात अजून चालू आहे हेच मला ठाऊक नव्हतं. निदान रीतसर निरोप घ्यावा म्हणून मी ओदीलचा लॅपटॉप शिवणाच्या खोलीतून, गोधडीच्या तुकड्यांखालून काढला. करडा, जाडजूड, आणि मांडीवर घेतला तर पाय झोपतील असा. सुरू व्हायला त्याने इतका वेळ घेतला की मी मध्येच कोंबड्यांना दाणे घालून आलो. मग तिची टपालाची पेटी उघडली. त्यात न गेलेल्या पत्रांच्या कप्प्यात एकच पत्र होतं. वर तुमचं नाव, आणि तारीख अकरा वर्षांपूर्वीची, चौदा मार्च.

त्या मार्चबद्दल तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या आईचा प्लॉयची धिरडी भाजायचा बिडाचा तवा ओदीलने अंत्यविधीनंतर परस्पर घरी आणला, हे बरोबर होतं असं मी तेव्हाही म्हणालो नव्हतो. (काहीच म्हणालो नव्हतो, हा माझा खरा दोष.) मग तुम्ही सलग आठ संध्याकाळी, कारखान्यातून सुटल्यावर सहाला फोन केलात आणि आठही वेळा तुम्हाला एंगेज ऐकू आलं. ओदील मुद्दाम रिसीव्हर काढून ठेवते असं तुम्ही फादरना सांगितलंत आणि फादरनी, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, सगळ्या खोऱ्याला. ओदील म्हणायची, "धडधडीत खोटं बोलते. रिसीव्हर जागेवर आहे, बघ ना तूच." मी बघायचो. रिसीव्हर जागेवरच असायचा.

तर हे पत्र. त्यात काय आहे मला माहीत नाही. शेजारी रोलाँ, म्हणजे स्नोमोबाइल दुरुस्त करणारा (शाळेच्या नाचात तुम्ही त्याला नाही म्हणालात, तो अजून सांगतो), म्हणाला, "अरे उघड, वाच, कागदावर उतरव आणि लाव तिकीट. पाच मिनिटांचं काम." मी त्याला समजावलं की मी चौतीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलंय आणि उघडी पोस्टकार्डंसुद्धा मजकुराची बाजू खाली धरून नेली आहेत.

"तुझी बायको होती ती," रोलाँ म्हणाला.

"पत्र जिनेटचं आहे," मी म्हणालो.

त्याने टोपी घातली आणि फोनची नवी तार आणायला गेला, कारण जुनी उंदरांनी खाल्ली होती.

त्यानंतरचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले फार गंभीर दिवस होते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे तो विजेवरच चालतो, आणि विजेची पिन एका विशिष्ट कोनात वाकवून तिच्याखाली घेवड्याचा डबा ठेवला तरच. (टोमॅटोचा चालत नाही, तो उंच पडतो.) हे जमलं तेव्हा पडद्यावर आलं की फोनला आवाज नाही. फोनला आवाज होता, मी स्वतः ऐकला. कंपनीला विचारावं तर घरची तार लॅपटॉपमध्ये, आणि मोबाइलला रेंज खोऱ्यात एकाच ठिकाणी येते, दफनभूमीच्या टेकडीवर, तीसुद्धा नेमकी ओदीलच्या रांगेत. त्यामुळे मी टेकडीवर जाऊन उपाय विचारायचा, दोन मैल गाडी हाकत खाली येऊन करून पाहायचा आणि पुन्हा वर जाऊन कळवायचं, असं चाललं. तीन दिवसांत अकरा खेपा झाल्या. दुःखाने माझा तोल गेला असं ठरवून चर्चच्या बायकांनी तीन पातेली भरून आणून दिली. मी ती नाकारली नाहीत.

फोनवर बर्निस नावाच्या बाई होत्या. त्या डाकोटाकडे कुठेतरी बसतात. कंपनीत आता त्या आणि कॉफीचं यंत्र एवढेच उरलेत असं त्यांनीच सांगितलं. पहिल्याच खेपेला त्यांनी विचारलं, "भिंत आणि लॅपटॉप यांच्यामध्ये आणखी काही जोडलंय का?" मी म्हणालो, फोनवरचे निरोप टिपून ठेवणारं यंत्र आहे, पण ते हलवता येणार नाही. त्यात ओदीलचा आवाज आहे. बाई म्हणाल्या, "विजेची तार तशीच राहू द्या. फक्त फोनची काढा. आवाजाला काही होत नाही, मी सांगते ना." मी काढली, आणि फोनला आवाज आहे हे लॅपटॉपला लगेच पटलं.

पण नंबर लागेना. लॅपटॉप टिकटिक डायल करायचा आणि त्याच्या पोटातून एक बाई म्हणायची की आपण फिरवलेला नंबर चुकीचा आहे. (पहिल्यांदा मी तिची माफी मागितली.) शेवटी बर्निसबाई म्हणाल्या, "जसा दिसतो तसा नंबर लिहून आणा. एक ठिपका सोडू नका." मी टेकडीवर, ओदीलच्या दगडाला टेकून वाचून दाखवला. ताऱ्याचं बटण, सात, शून्य, स्वल्पविराम आणि पुढे नंबर.

"हात्तिच्या," बाई म्हणाल्या. "हेच की हो. जुन्या लाइनवर हे आधी दाबायचे, म्हणजे इंटरनेट चालू असताना बाहेरचा फोन आत घुसून ते तोडत नसे. फोन करणाऱ्याला नुसतं एंगेज. नव्या लाइनला हे कळतच नाही, ती तिथेच अडून बसते. लाइन कधी बदलली तुमची?"

मी म्हणालो, अकरा वर्षांपूर्वी. मार्चमध्ये बर्फाने खांब पडले तेव्हा.

"काढून टाका ते. पण काय हो, असा कोणाचा फोन यायचा सारखा, की अडवायची वेळ आली?"

मी म्हणालो, तिच्या बहिणीचा.

हे म्हणता म्हणताच मला उलगडा झाला. जिनेट, सहा ते सात ही ओदीलची इंटरनेटवर गोधडीवाल्या मैत्रिणींशी बोलायची वेळ होती. तुमचा सहाचा फोन ते तोडायचा म्हणून तिने कधीकाळी हे बटण लावून घेतलं आणि साफ विसरून गेली. त्या आठ दिवसांत सहाला ती लॅपटॉपपाशी असायची आणि सात वाजल्यापासून झोपेपर्यंत फोनपाशी. तुमचा फोन येत नाही म्हणून. मग तिने पत्र लिहिलं, 'पाठवा' दाबलं, झाकण लावलं. तोवर लाइन बदललेली होती. पत्र गेलं असं समजून ती बटाट्याची लावणी होईपर्यंत उत्तराची वाट पाहत राहिली. मग लॅपटॉप गोधडीखाली गेला. मला फार वाईट वाटतं. मी चौतीस वर्षं लोकांच्या दारात पत्रं पोहोचवली आणि हे एक माझ्याच घरात पडून होतं.

बटण मी काढलं. काल दुपारी लॅपटॉप किंचाळला, घोगरा झाला आणि लागला. पत्र हळूहळू सरकू लागलं. अर्धं गेलं असेल-नसेल तोच सगळं तुटलं, कारण चर्चच्या थेरेझबाईंनी शनिवारच्या घेवड्यात कांदा घालू का हे विचारायला फोन केला होता. ते बटण नाही, म्हणजे आता कोणाचाही फोन आत घुसतो.

तरी पत्र पोहोचवण्याची जबाबदारी माझी. प्रकृतीची काळजी घ्यावी.

आपला नम्र,
वेंडेल

ता. क. रविवारी, सव्वीस तारखेला, सहा ते सात या वेळात मी पुन्हा पाठवणार आहे. त्या तासात फोन करू नये असं फादर, रोलाँ, थेरेझबाई आणि उरलेल्या खोऱ्याला बजावून झालंय. तुमचा फोन अकरा वर्षांत आलेला नाही, त्यामुळे धोका नाही, पण सूचना सर्वांना सारखी द्यावी हा टपालखात्यातला माझा नियम. हे पत्र बुधवारी तुमच्याकडे पोहोचेल (वाटेतल्या कचेऱ्या मला पाठ आहेत).

ता. क. २. तुमचा इंटरनेटवरचा पत्ता त्याच कंपनीचा असल्याने तो चालू आहे की नाही हे बर्निसबाईंनाही सांगता येईना. पत्र परत आलं तर तुम्हालाच इथे येऊन वाचावं लागेल. लॅपटॉप हलवता येत नाही, घेवड्याचा डबा सरकतो. तवा मी दर महिन्याला तेल लावून ठेवलाय. तो तुमचा आहे, पण पहिले प्लॉय इथे भाजावेत.

ता. क. ३. पहिल्या ता. क. मधली सूचना खोडायला हवी होती, पण पेन शाईचं आहे आणि पान घाण होतं. कंपनी शुक्रवारपर्यंत चालू आहे, पत्र सोमवारीही पाठवता येईल. रविवारी सहाला फोन करा. लाइन तुटली की तुम्हीच आहात हे मला कळेल, बाकी सगळ्यांना मी बजावलेलं आहे.